गिनीपिगच्या लघवीत रक्त: अँटिबायोटिकने न थांबलेलं कशाने थांबलं

आमची गिनीपिग लघवी करताना पाठ वाकवून किंचाळायची. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग, वाळले की खडूसारखी भुकटी. अँटिबायोटिकने उतार पडायचा, औषध संपलं की पुन्हा तेच. जीव टांगणीला लागला होता.

आधी एक्स-रे काढला: मूत्राशयात कॅल्शियमचा खडा. मग शस्त्रक्रिया; त्याआधी उपाशी ठेवायचं नाही, गिनीपिगची आतडी मंदावतात. नंतर वेदनाशामक, आणि स्वतः खाईपर्यंत सिरिंजने भरवणं. घरी लसूणघास आणि पालक बंद. टिमोथीचं वाळलेलं गवत कायम समोर, हरळी, धुतलेला ओलाच पाला, क जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरची. किंचाळणं थांबलं. खडे परत होऊ शकतात, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढतो. लघवी पूर्ण अडली तर मात्र तासही न दवडता दवाखाना गाठा.