एककाचा रकाना आधी भरा

कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी ३१ वर्षं काढली. तिथल्या स्टॉक रजिस्टरात मालाच्या नावाशेजारी एक अरुंद रकाना असायचा: एकक. बोल्ट नगावर, ग्रीस किलोवर, केबल मीटरवर, हातमोजे जोडीवर. नवा पोरगा आला की त्याला मी आधी हा रकाना भरायला शिकवायचो, आकडा नंतर. आकडा चुकला तर मोजदादीत सापडतो. एकक चुकलं तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एकदा १०० मीटर केबलचा रोल आला आणि घाईत मी नोंद केली: १ नग. लोक येत, लागेल तेवढी कापून नेत. रोल जागेवर दिसतोय म्हणून दर महिन्याला शिल्लक १ नग. मग एका रात्री तातडीच्या दुरुस्तीला ६० मीटर हवी झाली. रोल खाली उतरवला तर लाकडी चाकाभोवती जेमतेम तीन वेढे. मशीन पहाटेपर्यंत बंद. रजिस्टर मात्र बिनचूक!

निवृत्तीनंतर जाणवलं, आयुष्यातल्या गोष्टीही आपण अशाच चढवून ठेवतो. त्या तपासायच्या कशा, ते सांगतो.

आठवडाभर खिशात छोटी वही ठेवा. मनाबद्दल, माणसांबद्दल, वेळेबद्दल तोंडून जे वाक्य निघेल ते जसंच्या तसं टिपा, सुधारू नका. ‘माझी सहनशक्ती संपली.’ ‘त्याच्यावरचा विश्वास उडाला.’ ‘डोक्याला काळजी लागलीय.’ रात्री प्रत्येकापुढे एवढंच विचारा: ही चीज नगावर चढवलीय की मापावर? उडतं ते पाखरू. ते एक तर आहे, नाही तर नाही. संपतं ते डब्यातलं, म्हणजे पुन्हा भरताही येतं.

ओळखायला एक युक्ती. शब्दाआधी ‘किती’ लावा. किती चुका, किती आठवणी: अनेकवचन झालं, हे नग. किती राग, किती भीती: एकवचनच राहिलं, हे माप. (रागांचं अनेकवचन गाणाऱ्यांकडे असतं, रागावणाऱ्यांकडे नाही.) काळजी मात्र दोन्हीकडे चालते, आणि तिथेच खरा उपयोग आहे. ‘किती काळजी’ म्हटलं की छातीवर धोंडा. ‘किती काळज्या’ म्हणून मी एकदा कागदावर उतरवल्या तर भरल्या चार. त्यातली एक शेजाऱ्याची होती, एक होऊन गेलेल्या गोष्टीची. उरलेल्या दोन कठीणच होत्या, पण त्यांना निदान नावं होती.

नग आणि माप इतके वेगळे कुठे असतात, असं कुणी म्हणेल. कबूल. खुद्द किलोग्रॅम १८८९ पासून एक नगच होता: पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा छोटा दंडगोल. त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत शंभरेक वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. शेवटी २० मे २०१९ पासून त्याला निवृत्त केलं, माझ्यासारखंच.

आता वेळ. मराठीने इथे दोन रजिस्टरं दिलीत आणि आपण एकच उघडतो. ‘वेळ गेला’ हा मापाचा वेळ, आठवड्याला १६८ तास. ‘वेळ गेली’ ही नगावरची, तिचं अनेकवचन वेळा. काळ आला होता पण वेळ ‘आली’ नव्हती असंच आपण म्हणतो, ‘आला’ नव्हता असं नाही. मुलाला वेळ देता ‘आला’ नाही म्हणून मी सुट्टीच्या दिवशी तास भरून काढायचो. तो पहिल्यांदा सायकलवरून पडला, ती वेळ होती. रविवारचे चार तास तिच्या खात्यात जमा होत नाहीत. म्हणून पुढच्या महिन्याचा हिशेब मांडताना तास लिहू नका, वेळा लिहा: कुठल्या दिवशी, कोणासमोर, कशासाठी हजर राहायचंय.

शेवटचं काम म्हणजे एकक बदलून वाक्य पुन्हा लिहिणं. ‘विश्वास उडाला’ हे मी मीटरवर घेतलं: उसन्या पैशांबाबत शून्य, पण मध्यरात्री फोन केला तर येईल याबाबत भरपूर. उलटंही करून बघा. एक जुना मित्र माझ्याकडे कित्येक वर्षं ‘१ नग’ होता, म्हणून कधी उचलून पाहिलाच नाही. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो. गुडघ्यांवर बोललो, मग पुन्हा गुडघ्यांवर. तीन वेढे. आता दर पंधरवड्याला जातो.

एक सूचना. हा प्रयोग फक्त स्वतःच्या वाक्यांवर करा. बायको म्हणाली, ‘कंटाळा आलाय.’ मी विचारलं, ‘नगावर की मापावर?’ तिने माझ्या हातातली वही घेतली आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: कंटाळा. एकक: नग. शिल्लक: १. ठेवण्याची जागा: समोरची खुर्ची.