घरच्या अंगणात एसयूव्हीचा ड्राइव्ह शाफ्ट बदलताना

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पुढच्या चाकातून टक-टक-टक असा आवाज येतो आणि स्टिअरिंग सरळ केले की तो थांबतो, असे होऊ लागले तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा (चाकाकडचा) जॉइंट झिजला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. येथे सांगितलेली पद्धत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, साध्या गिअरच्या एसयूव्हीसाठी आहे. बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत लांब प्रोपेलर शाफ्ट जातो आणि त्याचे क्रॉस (सांध्यांतले अधिक-चिन्हाच्या आकाराचे भाग) बदलणे हे निराळे काम आहे.

नवा शाफ्ट आणण्यापूर्वी दोष नक्की कोठे आहे, हे पाहण्यासाठी अर्धा तास अवश्य द्यावा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. खड्ड्यात चाक आपटल्यावरच येणारा खडखडाट लिंक रॉड किंवा बॉल जॉइंटचा असू शकतो. आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरत असेल, तर शाफ्टचा आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट संशयित धरावा. त्यानंतर चाकामागे वाकून जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत धरून ठेवणारे आवरण) पाहावा. बूट फाटला असेल, तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल फेर धरून उडालेले दिसतात. त्यातले थोडे ग्रीस बूटमधून बोटावर घेऊन अंगठ्याने चोळावे. ते गुळगुळीत लागले आणि आवाजही नसेल, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून केवळ बूट बदलल्याने भागते. ग्रीसमध्ये कासच्या रस्त्यावरची तांबडी माती कचकच लागली, तर मात्र आतील सहा गोळ्या आणि त्यांच्या खाचा खरवडल्या गेल्या आहेत असे समजून पूर्ण शाफ्टच बदलावा. शाफ्ट सहसा स्वतःहून मरत नाही, फाटलेला बूट त्याला मारतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला बूट पाहण्याचा माझा आग्रह असतो.

सामानात त्या गाडीच्या त्याच बाजूचा शाफ्ट, नवा एक्सल नट (शाफ्टचे बाहेरचे टोक हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, धरून ठेवणारा), गिअरबॉक्सचे ऑइल सील आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे गिअर ऑइल हवे. हत्यारांत एक्सल नटाच्या मापाची गोटी (ती बहुधा 30 किंवा 32 मिलिमीटरची असते), लांब दांडा, टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोराने कसण्याचा), टॉमी (उचकटण्याची पहार), बॉल जॉइंट सोडवण्याचा पुलर आणि दोन जॅक स्टँड लागतात. स्टँडशिवाय हे काम सुरूच करू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, डोके किंवा पाय कधीही घालू नये आणि स्टँडखाली मऊ माती असेल, तर जाड फळी अंथरावी.

गाडी सपाट फरशीवर उभी करून हँडब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. एक्सल नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती छिन्नीने हलके वर उचलावी. मग कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, चाक जमिनीवर असतानाच नट लांब दांड्याने फक्त सैल करावा. चाकाचे नटही याच वेळी सैल करावेत. त्यानंतर गाडी पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाक काढावे.

यापुढची एक गोष्ट मी मुद्दाम क्रम बदलून करतो. गिअर ऑइल काढण्यापूर्वी ते भरण्याचा प्लग सुटतो की नाही, हे आधी पाहतो. वर्षानुवर्षे न उघडलेला प्लग गंजून बसलेला असतो आणि ऑइल काढून टाकल्यावर तो सुटला नाही, तर गाडी अंगणातच अडकते. भरण्याचा प्लग सुटला, की मगच खाली पसरट भांडे ठेवून ऑइल काढावे.

आता चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरची वायर तिच्या क्लिपमधून मोकळी करावी, लोअर आर्मचा (चाकाकडे जाणाऱ्या खालच्या आडव्या दांड्याचा) बॉल जॉइंट नकलमधून (हब धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागातून) सोडवावा आणि एक्सल नट पूर्ण काढावा. शाफ्टचे टोक हबमध्ये घट्ट बसलेले असेल, तर जुना नट टोकाच्या पातळीपर्यंत फिरवून त्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडा मारावा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. नकल बाहेरच्या बाजूला ओढताना ब्रेकच्या होजवर ताण येत नाही ना, याकडे सतत लक्ष असू द्यावे. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) काढावाच लागला, तर तो तारेने स्प्रिंगला टांगावा. होजवर लोंबकळत ठेवू नये.

पहिल्यांदा हे काम केले तेव्हा मी शाफ्टचा मधला दांडा दोन्ही हातांनी धरून ओढला. दांडा हातात आला, पण आतल्या जॉइंटचे तीन रोलर त्याच्या वाटीतून निसटले, बूट फाटला आणि वाटी गिअरबॉक्समध्येच राहिली. शेजारचे जुने मिस्त्री पाहायला आले आणि म्हणाले, ‘‘दादा, शाफ्ट ओढायचा नसतो, उचकटायचा असतो.’’ वाटी आणि गिअरबॉक्सचे अंग यांच्यामधल्या फटीत टॉमीचे टोक घालून, सीलला धक्का न लावता, एक नेमका झटका द्यावा. आतले लॉक सुटते आणि पूर्ण शाफ्ट बाहेर येतो. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच वेळी काढू नयेत, कारण डिफरन्शियलमधली (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागातली) दातेरी चाके जागेवरून सरकू शकतात.

जुना आणि नवा शाफ्ट जमिनीवर शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या खाचांची संख्या आणि एबीएसची रिंग मोजून पाहावी. यात फरक आढळला, तर तो शाफ्ट बसवण्याचा प्रयत्न न करता दुकानात परत करावा.

जुने सील काढून नवे सील सगळीकडून सारखे, न वाकवता बसवावे आणि त्याच्या ओठाला थोडे गिअर ऑइल लावावे. नवा शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून, खाचा सीलला न घासता आत सरकवावा. शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडतो. तेथे किंचित फिरवून जोराने आत ढकलला, की ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. तो आला नसेल, तर लॉक बसलेले नाही. खात्रीसाठी वाटी धरून, दांडा नव्हे, हलकेच बाहेर ओढून पाहावी. मग बाहेरचे टोक हबमध्ये घालून बॉल जॉइंट जोडावा आणि त्याचा नट टॉर्क पान्यानेच कसावा.

एक्सल नट नेहमी नवाच वापरावा. अनेक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगचे भाग या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेले असतात, म्हणून तो कसल्याशिवाय गाडीचा भार चाकावर देऊ नये. चाक हवेत असताना कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून नट पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत कसावा. हा आकडा बऱ्याच गाड्यांत 180 ते 300 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तो अंदाजाने ठरवू नये आणि पाइप लावून ‘पुरेसा घट्ट’ करू नये. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवावी.

काढण्याचा प्लग नव्या वायसरसह बसवून, भरण्याच्या भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत नवे गिअर ऑइल भरावे. हे करताना गाडी सपाट असावी, कारण एकच बाजू उचललेली असेल, तर पातळी चुकीची दिसते. जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

चाक बसवून गाडी स्टँडवरून उतरवल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात घ्यावी: स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवून, हळू वेगात दोन-दोन चकरा माराव्यात. आवाज नसेल, तर घाटात एक फेरी करून परत यावे आणि अंगणात पुठ्ठा अंथरून गाडी त्यावर रात्रभर उभी करावी. सकाळी पुठ्ठ्यावर सीलच्या बरोबर खाली थेंब दिसला, तर सील पुन्हा उघडावे लागेल. पुठ्ठा कोरडा असेल, तर चाकाचे नट एकदा टॉर्क पान्याने तपासून गाडी रोजच्या वापरात घ्यावी.