पेशी म्हणजे सेल की मसल? इंदूरच्या मराठी पोरांसाठी टिश्यूचं चॅप्टर

आमची भाची नववीत, हिंदी मीडियम, आणि घरी शिकवायला आजी, जी अख्खं आयुष्य इंदूरच्या रामबागेत राहूनही विज्ञान मराठीतच बोलते. टेस्टमध्ये प्रश्न आला "पेशी ऊतक का चित्र बनाइए" आणि पोरीने मस्त गोल काढून मध्ये केंद्रक, बाजूला मायटोकॉन्ड्रिया असं सगळं रंगवून दिलं. भोपळा. कारण आजीच्या मराठीत पेशी म्हणजे सेल, आणि हिंदी पुस्तकात पेशी म्हणजे मसल!

म्हणून पहिलं काम, वही उघडायच्या आधी हे चार शब्द सुटे करा. सेल म्हणजे मराठीत पेशी, हिंदीत कोशिका. मसल मराठीत स्नायू, हिंदीत पेशी. आणि खरा घोळ पुढे आहे, हिंदी पुस्तकात स्नायु लिहिलं असेल तर ते मसल नाहीच, ते लिगामेंट, ज्याला मराठीत अस्थिबंध म्हणतात. टिश्यू आपल्याकडे ऊती, त्यांच्याकडे ऊतक, तिथे काही भांडण नाही. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवलाय, आजीसाठी पण.

आता ऊती म्हणजे काय, तर एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा गट. माणसात मुख्य प्रकार चारच: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. झेवियर बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1800 च्या आसपास मायक्रोस्कोप न वापरता 21 प्रकार मोजले होते, नुसतं चिरून, उकळून, वाळवून बघून. मग आपण किचनमध्ये चार का नाही बघू शकत?

चिकनवाल्याला सांगायचं, एक पूर्ण लेग, स्किन ठेवून, पंजासकट, आणि थोडा कलेजी-पोटा (पोटा म्हणजे कोंबडीचं जाड पोट), त्यात दिल पण टाक भिया. (आमच्याकडे आजी खाली, आम्ही गच्चीवर, जुना पेपर अंथरून. कच्चं चिकन नळाखाली धुवू नका, शिंतोडे उडतात, आणि नंतर हात, सुरी, पाट सगळं साबणाने.) कोंबडी माणूस नाही हे मान्य, पण हे चार प्रकार तिच्यातही तेच.

स्किनचा सगळ्यात वरचा पातळ थर म्हणजे अभिस्तर ऊती. पेशी एकमेकींना खेटून, मध्ये जागा जवळपास नाहीच, आणि यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून नुसतं वरचं सालटं निघालं तर रक्त येत नाही. आपल्या गालाच्या आत चपट्या पेशी, किडनीच्या नळ्यांत चौकोनी, आतड्यात उभ्या खांबासारख्या. स्वतःच्याच बघायच्या तर चूळ भरून टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच घासा, काचेवर पसरा, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, शाळेच्या मायक्रोस्कोपखाली आधी कमी पॉवर मग जास्त. निळे ठिपके दिसतील ते केंद्रक. ड्रेसवर पडलं की जात नाही, विचारू नका कसं माहीत.

संयोजी ऊतीत पोरं सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण एकासारखं दुसरं दिसतच नाही. पण खूण एकच, पेशी एकमेकींपासून दूर-दूर आणि मधली जागा कशाने तरी भरलेली, ते "कशाने तरी" बदललं की ऊती बदलली. स्किनखालची पिवळी चरबी हीच, मात्र तिच्यात मधली जागा कमी आणि पेशीच तेलाने फुगलेल्या. हाडाच्या टोकावरची पांढरी गुळगुळीत टोपी कूर्चा, नखाने दाबा, लवते, आपल्या कानाच्या पाळीच्या वर जे वाकतं ते पण तेच. तिच्यातही रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दुखावली की भरायला उशीर लागतो. हाडात मधली जागा कॅल्शियमने घट्ट. आणि रक्त, हो, रक्तसुद्धा संयोजी, फक्त मधली जागा पातळ, तिला प्लाझ्मा म्हणायचं.

आता पंजा घ्या. मागच्या बाजूला कापलेल्या जागी पांढऱ्या चकचकीत दोऱ्या दिसतील, एक चिमट्याने धरून ओढा. बोटं मिटतात! आमची भाची दोन मिनिटं ओरडत होती. ती दोरी म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, गुडघ्याच्या सांध्यात सापडेल, आणि तोच तुमच्या हिंदी पुस्तकातला स्नायु.

स्नायू सोपे. लेगचं मांस उकडून बोटांनी सोडवा, धागे सुटतात, ते कंकाल स्नायू, मायक्रोस्कोपखाली आडवे पट्टे, एका पेशीत अनेक केंद्रकं, आपल्या मर्जीने चालणारे. पोटा म्हणजे अरेखित, टोकाकडे निमुळत्या पेशी, पट्टे नाहीत, मर्जी चालत नाही. दिलमध्ये पट्टे आहेत पण मर्जी नाही, आणि पेशींना फाटे फुटलेले. परीक्षेत हृदयाच्या स्नायूची आकृती काढताना फाटे विसरलात की मार्क गेले.

चेता ऊती शेवटी, आणि शोधायला अवघड. उकडण्याआधी मांडीच्या मागे मांसाचे दोन गठ्ठे बोटांनी हळू वेगळे करा, कापू नका. मध्ये रक्तवाहिनीच्या शेजारी एक मऊ पांढरट दोरा पडलेला असतो, कंडरेसारखा चमकत नाही, ओढला तर काही हलत नाही. ती नस, म्हणजे नर्व्ह. आपल्यात अशाच नसेतल्या एकेका पेशीचा धागा कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जातो, जवळपास 1 मीटर, आणि पेशी एकच! मराठीतली पेशी बरं का.

आकृतीखाली नावं मात्र तुमच्या पुस्तकात आहेत तीच लिहा, आजीची नाही. पोटा आम्ही परतून खाल्ला, आजीला अजून सांगितलेलं नाही.