बर्फवाला फ्रिज घरात येण्याआधी

फ्रिज दुरुस्तीच्या कामात मला २२ वर्षं झाली. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि पार जांबोटीपर्यंत माझी फिरती असते. दारातूनच पाणी आणि बर्फ देणारा मोठा फ्रिज घेणारी घरं आता बेळगावात बरीच झालीत. दुकानातून फ्रिज येतो, पोरं तो उभा करतात, पिन लावतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. साध्या फ्रिजला एवढं चालून जातं. इथे मात्र वीज आणि पाणी एकाच पेटीत असतात, आणि पेला लावून समोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे हात बहुतेक वेळा ओले असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की घरातलं अर्थिंग आणि पाणी आधी बघून घ्या, फ्रिज नंतर आणा.

हे मी एका घराचं नुकसान करून शिकलो. सहा वर्षांपूर्वी वडगावात विणकर अक्कांच्या घरी असा फ्रिज बसवला. पाण्याला पाव इंची पांढरी नळी येते, ती मी घाईत कात्रीने कापली. कात्रीने नळी चेपते आणि तोंड तिरकं होतं. नट आवळला, पाच मिनिटं बघितलं, एक थेंब नव्हता, म्हणून निघालो. जोडणी थेट नळाची होती. रात्री गल्लीतले नळ बंद झाले की दाब वाढतो, आणि त्या दाबाने नळी थेंब थेंब गळत राहिली. सकाळी साडेसहाला फोन आला. भिंतीपलीकडे माग होता आणि भिंतीला टेकून तयार साड्यांचा गठ्ठा. खालच्या पाच साड्यांचा रंग एकमेकींत उतरला होता. अक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. एकेक साडी उलगडून दोरीवर टाकत राहिल्या. पैसे मी भरून दिले, पण ती दोरी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून नळी नव्या ब्लेडने सरळ कापतो. टोक फिटिंगमध्ये बुडापर्यंत जाईल तितक्या अंतरावर पेनाने खूण करतो आणि खूण आत गेली की मगच नट आवळतो. जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवायला सांगतो. थेंब पडला तर कागदावर डाग उमटतो, डोळ्याला एरवी दिसत नाही. कागद तीन रात्री तसाच राहू द्या. फ्रिजसाठी वेगळा छोटा कॉक हवा, आणि तो सिंकच्या बाजूला, हात पोचेल असा. फ्रिजच्या मागे लावलेला कॉक ऐन वेळी कुणाला उघडता-मिटता येत नाही. नळी भिंतीच्या कडेने न्या, फ्रिज पुढे ओढता यावा म्हणून मागे एक सैल वेटोळं ठेवा, पण कुठे मुरड पडू देऊ नका. जुन्या कौलारू घरांत उंदीर ही नळी कुरतडतात. तिथे मी ती जाड पीव्हीसी पाइपातून ओढून घेतो.

आता दाबाचं. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात आणि लोक फ्रिजला दोष देतात. पाण्याचा १ बार दाब मिळायला टाकी साधारण १० मीटर उंच लागते. आपल्या बैठ्या घरात टाकी गच्चीवर, म्हणजे फ्रिजच्या वर तीन-चार मीटर. त्यातून ०.३ ते ०.४ बार मिळतो. थेट जोडणीच्या बहुतेक फ्रिजना किमान दीडेक बार लागतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. दाब कमी पडला की बर्फाचे तुकडे लहान, पोकळ येतात. त्याहून वाईट म्हणजे आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तो पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतो. मग साच्यात पाणी झिरपत राहतं आणि खालच्या डब्यात बर्फाचा दगड होतो. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनलाही नळी जोडून उपयोग नाही, कारण त्याच्या प्लास्टिकच्या टाकीतून पाणी नुसतं उतरतं, दाबाने येत नाही. अशा घरात छोटा बूस्टर पंप लावावा लागतो. नाहीतर ज्याच्या आत पाण्याची टाकी असते आणि आपण तांब्याने भरतो, ते मॉडेल घ्यावं. खरं सांगायचं तर बेळगावातल्या दहा घरांपैकी सात घरांना मी टाकीवालंच सुचवतो. एक काम कमी आणि गळतीची भीतीही नाही.

पाणी कुठलं, हेही ठरवा. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी शुद्ध होऊन येतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट जोडू नका. फ्रिजमधला फिल्टर क्लोरीनचा वास आणि गाळ धरतो, जंतूंचा भरवसा देत नाही, आणि बर्फ झाल्याने जंतू मरत नाहीत. बोअरचं पाणी जड असलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी पांढऱ्या थराने बुजते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरतात. बोअरचं पाणी त्याच्या वर असेल तर मशीन टिकणार नाही. टाकीवालं मॉडेल असेल तर उकळून गार केलेलं पाणी भरा. कोमट पाणी कधी भरू नका. फिल्टर बहुतेक कंपन्या सहा महिन्यांनी बदलायला सांगतात. पहिल्या पावसात नळाला गढूळ आलं, तर त्या दिवसात कॉक बंदच ठेवा.

अर्थिंग कसं बघायचं? वायरमनला घरी बोलवा आणि तीन मापं समोर घ्यायला लावा. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार), फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ. पहिली दोन साधारण सारखी, २३० च्या आसपास यायला हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. पन्नास वर्षांच्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या भोकात तार नसते, किंवा कुणी न्यूट्रलचीच तार वळवून तिथे खोचलेली असते. ही खोचणी मापांत कळत नाही, आणि ती जीवघेणी आहे. बाहेर न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यावर करंट येतो. पाण्याच्या पाइपालाही अर्थ बांधू नका. खानापूरकडे जांभ्या दगडाची जमीन आहे, उन्हाळ्यात ती इतकी वाळते की अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, लावून घ्या. तिचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबायचं, ते बहुतेक जण विसरतात.

सॉकेट स्वतंत्र हवं. एक्स्टेंशन बोर्डावर हा फ्रिज कधीच नाही. सॉकेट पाण्याच्या जोडापेक्षा उंच आणि त्याच्या बाजूला असावं, म्हणजे वरून गळलेला थेंब त्यात जाणार नाही. एप्रिल-मे मध्ये वळवाचं गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा, स्टॅबिलायझर असला तरी.

बाकी बसवणं सोपं आहे. फ्रिज उभाच आणा. आडवा आणला असेल तर दिवसभर उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत गेलेलं असतं ते परत उतरावं लागतं. दोन दारांचा फ्रिज शंभर किलोच्या आसपास भरतो. उंबऱ्यावरून चार माणसांनी उचला, ढकलू नका. येण्याआधी घराच्या दारांची रुंदी मापा. मागे आणि बाजूला पुस्तकात सांगितली असेल तेवढी मोकळी जागा सोडा. पुढचे पाय किंचित वर ठेवा, दार आपोआप मिटायला हवं.

मागच्या पट्टीवर आर६००ए लिहिलेलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये हाच असतो. प्रमाण थोडं, साधारण १०० ग्रॅमच्या आत. म्हणून घाबरायचं नाही, पण बर्फ काढायला सुरी किंवा उलथनं कधी लावायचं नाही. नळीला भोक पडलं आणि सूं आवाज आला तर बटण दाबू नका, शेगडी पेटवू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर व्हा. मेकॅनिक आला आणि खिडक्या न उघडता, गॅस न सोडता नळी जोडायची ज्योत (टॉर्च) पेटवू लागला, तर त्याला थांबवा. मी असा एक कामगार पाहिलाय, हाताच्या कातडीसकट तो शिकला.

वापराचं थोडं. फ्रीझर उणे १८ आणि फ्रिज ३ ते ४ अंशांवर ठेवा. पहिले तीन-चार लिटर पाणी आणि पहिल्या दिवसाचा सगळा बर्फ टाकून द्या. बर्फ यायला एक दिवस लागतो. पेला बर्फ येतो त्या तोंडाच्या अगदी जवळ धरा. बारीक काचेचा नको, तुकडा जोरात पडतो. बर्फ अडकला तर बोट घालू नका. बर्फ फोडणारी पाती आत असतात. पिन काढा, डबा बाहेर घ्या, मग बघा. घरी लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावूनच ठेवा. दाराला लटकू देऊ नका, मोठा फ्रिजही पुढे येतो.

लाइट तासन्तास गेली की डब्यातला बर्फ वितळून परत गोठतो आणि एकच गठ्ठा होतो. बर्फ वापरला जात नसेल तरी तसंच होतं. हातोडी नको, डबा सिंकमध्ये उपडा ठेवा आणि नवीन बनू द्या. लाइट गेल्यावर दार मिटलेलंच ठेवलं तर फ्रिजमधलं अन्न चारेक तास चांगलं राहतं. दूध आणि मासे मात्र वास घेऊन नव्हे, वेळ मोजून ठरवा. गणपतीला गावी निघालात की बर्फ बनवणं बंद, कॉक बंद. पेला धरतो तिथल्या खालच्या तबकाला पाणी जायला वाट नसते. ते रोज पुसा, नाहीतर पावसाळ्यात काळी बुरशी येते आणि लाडू-चिवड्याच्या घरी मुंग्याही येतात.

एक राहिलं. नवा आला की जुना फ्रिज आपल्याकडे परसात जातो आणि त्यात बी-बियाणं, नाहीतर जुने कपडे भरतात. ठेवा, पण आधी दार बिजागरीसकट काढून ठेवा. मुलं लपाछपीत आत शिरतात आणि जुन्या दाराला आतून ढकलून उघडता येत नाही. चार स्क्रू असतात, दहा मिनिटांचं काम आहे. मला बोलवलंत तर मी येऊन काढून देतो, पैसे घेत नाही.