खोल भुसभुशीत बर्फासाठी सर्फबोर्डाच्या घडणीचा स्नोबोर्ड कसा निवडावा

नाशिकच्या आमच्या ट्रेकिंग गटातील चार-पाच जण दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस गुलमर्गला स्नोबोर्डिंगसाठी जातात. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीपासून बचावासाठी शेकोट्या पेटू लागल्या, की नव्याने येऊ पाहणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला, सर्फबोर्डासारखा दिसणारा तो बोर्ड घ्यावा का? प्रश्न रास्त आहे, परंतु तो शेपटीपासून सुरू होतो आणि निवड चुकते ती तेथेच. गुडघाभर भुसभुशीत बर्फात, ज्याला सगळेच पावडर म्हणतात, माणसाला वर ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे बोर्डाचा किती भाग त्याच्या पायांच्या पुढे आहे आणि किती मागे. शेपटीची खाच हा त्या हिशेबाचाच एक भाग आहे. हा हिशेब दुकानात उभे राहून, साध्या मोजपट्टीने करता येतो, आणि तो कसा करावा हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्फबोर्ड पाण्यावर तरंगतो त्याचे अर्धे कारण त्याच्या आतील फोम असते. स्वार त्यावर पालथा पडून हातांनी वल्हवत असतो तेव्हा त्याला त्या फोमचाच आधार असतो. स्नोबोर्डाची जाडी जेमतेम बोटाएवढी असते, त्यामुळे असला आधार त्याच्यापाशी नसतो. पावडरमध्ये तो थांबला की बुडतो, आणि वेग घेतला की त्याचा किंचित वर उचललेला तळ समोरचा बर्फ खाली दाबत जातो व त्याच्या प्रतिक्रियेने वर राहतो. गंगापूर धरणाच्या काठावरून भिरकावलेली चपटी खापरी पाण्यावर टप्पे खात जाते तीही याच कारणाने : तिला वेग असतो आणि तिची पुढची कड थोडी वर असते. वेग संपला किंवा पुढची कड खाली गेली की ती बुडते. इगतपुरी-त्र्यंबक भागात भातखाचराची चिखलणी झाल्यावर बैलांमागे फळी ओढून वाफा सपाट करताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे अधिक चटकन कळेल. फळीवर उभा राहिलेला माणूस आपला भार मागेपुढे करून तिची पुढची कड सांभाळतो, कारण ती कड चिखलात घुसली की फळी अडते. सर्फबोर्डाच्या घडणीचा स्नोबोर्ड हे भार सांभाळण्याचे काम माणसाच्या मांड्यांकडून काढून आपल्या आकाराकडे घेतो.

ही घडण नवी नाही. शर्मन पॉपेन यांनी 1965 साली मिशिगनमधील मस्कीगन येथे आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून जे खेळणे केले, त्याचे ‘स्नर्फर’ हे नावच स्नो आणि सर्फर या दोन शब्दांतून आले. 1970 च्या दशकात दिमित्रीये मिलोविच यांनी युटामधील खोल, कोरड्या बर्फासाठी विंटरस्टिक बोर्ड तयार केले व त्यांना दुभंगलेली शेपटी दिली. ही शेपटी त्या काळच्या सर्फबोर्डांतून आलेली होती. सॅन दिएगोचे स्टीव्ह लिस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला आखूड, रुंद ‘फिश’ बोर्ड हे तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप. पुढे दोन्ही टोके सारखी असलेले, उड्या आणि कसरतींना सोयीचे बोर्ड सर्वत्र पसरले आणि हा विचार मागे पडला. जपानमध्ये होक्काइडो बेटावरील निसेको येथे तारो तामाई यांनी जेंटेमस्टिक बोर्डांतून त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. आज लिब टेक या स्नोबोर्ड कंपनीसाठी मॅट बायोलॉस आणि जोन्स या कंपनीसाठी ख्रिस क्रिस्टेन्सन यांच्यासारखे मुळात सर्फबोर्ड घडवणारे कारागीर स्नोबोर्डांचे आकार काढतात.

आता मोजमापांकडे वळू. बोर्डाच्या पुढच्या टोकाला नोज आणि मागच्या टोकाला टेल म्हणतात, आणि या दोन्हींच्या मध्ये, पायांच्या आसपास, बोर्ड कमरेसारखा आत आलेला असतो. बोर्ड सपाट फरशीवर ठेवावा आणि नोजची सर्वांत रुंद जागा व टेलची सर्वांत रुंद जागा मोजून दुसरी संख्या पहिलीतून वजा करावी. उरलेल्या फरकाला टेपर म्हणतात. दोन्ही टोके सारख्या रुंदीची असतील तर टेपर शून्य येतो आणि तो बोर्ड तयार, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या, उतारासाठीच समजावा. 5 ते 10 मिलिमीटर टेपर असलेला बोर्ड सगळीकडे चालतो. 15 ते 25 मिलिमीटर असेल तर तो खऱ्या अर्थाने पावडरचा. 30 च्या पुढे गेलेला बोर्ड खोल बर्फात सुखाने चालतो, परंतु दाबलेल्या कडक बर्फावर त्याची टेल लवकर निसटते. गुलमर्गला एकच बोर्ड नेणाऱ्याने 12 ते 20 च्या दरम्यान राहावे असे माझे मत आहे, कारण तेथे सकाळी ताजा बर्फ मिळाला तरी दुपारी गोंडोलाकडे, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांकडे, परतताना तुडवलेल्या, ओबडधोबड वाटेवरूनच यावे लागते.

दुसरे माप सेटबॅकचे, आणि मला ते टेपरपेक्षाही महत्त्वाचे वाटते. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, बसवण्याच्या स्क्रूंच्या छिद्रांचे दोन संच बोर्डावर असतात. कंपनीने खूण केलेल्या मूळ जागी दोन्ही पायांच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने बारीक रेघ काढावी. तेथून नोजच्या सर्वांत रुंद जागेपर्यंतचे आणि टेलच्या सर्वांत रुंद जागेपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्हींतील फरकाचे निम्मे म्हणजे सेटबॅक. उदाहरणार्थ, पुढचे अंतर 62 सेंटिमीटर आणि मागचे 54 आले, तर उभे राहण्याची जागा मध्यापासून 4 सेंटिमीटर मागे आहे. पावडरसाठी 2 सेंटिमीटरपेक्षा कमी सेटबॅक पुरत नाही. पहिल्या वर्षी मला गुलमर्गला भाड्याने 158 सेंटिमीटरचा, दोन्ही टोके सारखी असलेला बोर्ड मिळाला होता. बोर्ड लांब आहे, म्हणजे तरंगेल, असे मी समजत होतो. नोज दर शंभर पावलांवर बर्फाखाली जाई, तिच्यावर बर्फ चढे आणि मी पुढे कोलमडे. ते टाळण्यासाठी सगळा भार मागच्या पायावर घेतला, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. दोन वर्षांनी 151 चाच, परंतु रुंद नोजचा आणि 4 सेंटिमीटर सेटबॅकचा बोर्ड त्याच उतारावर दोन्ही पायांवर सारखा भार ठेवूनही वर राहिला.

यावरून लांबीचा नियम निघतो. सर्फबोर्डाच्या घडणीत लांबीतून काढलेले क्षेत्रफळ रुंदीत टाकलेले असते, म्हणून आपल्या नेहमीच्या बोर्डापेक्षा हा बोर्ड 3 ते 8 सेंटिमीटर आखूड घ्यावा. 70 किलो वजनाची व्यक्ती एरवी 157 चा बोर्ड वापरत असेल, तर तिला 150 ते 153 योग्य ठरेल. लांबी उंचीवरून ठरवू नये. बर्फाला आपले वजन कळते, उंची कळत नाही, आणि त्या वजनात पाठीवरची पिशवी, पाणी व बचावसाहित्यही धरावे. कमरेची रुंदी मात्र बुटांवरून ठरते. पाय 27 सेंटिमीटरचा असेल तर 25.5 सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. या प्रकारातील बहुतेक बोर्ड 26 ते 27 असतात, त्यामुळे मोठ्या पायांच्या माणसाला बुटाचे टोक बर्फात घासण्याचा त्रास आपोआप टळतो. लहान पायांच्या व्यक्तीने मात्र रुंदी बेताने वाढवावी, कारण फार रुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणायला उशीर लागतो आणि झाडांमधून जाताना तो उशीर महागात पडतो.

बाजूने पाहिल्यावर दिसणारा वाक तपासण्याची युक्ती सोपी आहे. बोर्ड फरशीवर ठेवून दोन्ही पायांच्या जागी कोणाला तरी उभे करावे आणि एक कागद नोजखालून मागे सरकवत न्यावा. कागद जेथे अडतो तेथपर्यंत नोज उचललेली आहे. या वाकाला रॉकर म्हणतात. चांगल्या पावडर बोर्डात हा कागद पुढच्या बाइंडिंगच्या अगदी जवळ येऊन थांबतो. मागच्या पायाखाली बोर्डाला उलटा, धनुष्यासारखा ताण असावा, ज्याला कॅम्बर म्हणतात आणि जो वरचा माणूस उतरल्यावर मध्ये फट पडून दिसतो. कडक बर्फावर मागच्या पायाला पकड देणारा तोच. टोकापासून टोकापर्यंत केळ्यासारखा वाकलेला बोर्ड पावडरमध्ये तरंगतो खरा, परंतु वेगात डगमगतो, म्हणून तो मी सुचवत नाही.

आता शेपटी, जिच्यावर सर्वांचे डोळे असतात. खाच पाडली की टेलचे क्षेत्रफळ कमी होते, टेल थोडी बुडते आणि नोज वर येते; त्याच वेळी खाचेच्या दोन्ही बाजूंची टोके मागेपर्यंत पोहोचत असल्यामुळे कडेची लांबी फारशी कमी होत नाही. म्हणजे बुडणेही मिळते आणि पकडही टिकते. खाच फार खोल असेल तर दोन्ही टोके वेगवेगळी वाकतात, ज्याचा लांब वळणांत आनंद मिळतो, परंतु खडकावर आपटल्यास ती लवकर दुखावतात. निमुळत्या एका टोकाची टेल, म्हणजे पिनटेल, आणखी सहज बुडते आणि मोठी, संथ वळणे सुंदर काढते. कडक बर्फावर ती सर्वांत कमजोर. चंद्रकोरीसारखी उथळ खाच या दोन्हींच्या मधली, आणि पहिल्या पावडर बोर्डासाठी मी तीच घ्यायला सांगतो.

जो अजून तयार उतारावर दोन्ही कडांवर वळू शकत नाही, त्याने मात्र हा बोर्ड घेऊ नये. हा एकाच दिशेने चालण्यासाठी घडवलेला असतो आणि उलट्या पायाने, म्हणजे नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून, उतरताना तो साथ देत नाही, त्यामुळे शिकताना होणाऱ्या चुका त्यावर दुपटीने जाचतात.

बाइंडिंग बसवताना प्रथम कंपनीची मूळ खूण पाळावी. पुढचा पाय 21 ते 24 अंश आणि मागचा 3 ते 9 अंश, दोन्ही पुढच्याच दिशेने वळवलेले ठेवले, तर खांदे उताराकडे उघडतात आणि सर्फिंगसारखे संपूर्ण अंग फिरवून वळता येते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मांड्यांचे ऐकावे : मागच्या पायाची मांडी पेटत असेल तर दोन्ही बाइंडिंग एकेक छिद्र, म्हणजे बहुतेक बोर्डांवर 2 सेंटिमीटर, मागे घ्यावीत, उलट, वळण सुरूच होत नसेल आणि नोज इकडेतिकडे हुंदडत असेल, तर एक छिद्र पुढे यावे. उतरताना मागे रेलून बसू नये. दोन्ही गुडघे सैल ठेवून आधी सरळ वेग घ्यावा आणि मग कड जोरात न टोचता मागच्या पायाने हळूहळू दाब वाढवत वळावे. सपाट जागा दिसली की तिच्या आधीच वेग साठवावा, कारण कमरेइतक्या बर्फात थांबलेला बोर्ड पुन्हा चालू करण्यात अर्धा तास सहज जातो.

चांगला बोर्ड माणसाला आणखी खोल बर्फाकडे ओढतो, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर सुमारे 3,980 मीटरपर्यंत नेतो. तेथून गस्तीच्या हद्दीबाहेर पडणारे उतार हिमस्खलनाचे आहेत. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, ते वापरण्याचा सराव आधी झालेला हवा, त्या दिवसाचे हिमस्खलनाचे निवेदन वाचलेले हवे आणि स्थानिक जाणकार मार्गदर्शक सोबत हवा. बर्फाखाली गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात आणि तेवढ्या वेळात त्याच्यापर्यंत फक्त त्याचे सोबतीच पोहोचू शकतात. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीवर वर्षानुवर्षे चढलेल्या माणसालाही हा अनुभव आपोआप येत नाही, त्यामुळे यात सवलत घेऊ नये.

परत आल्यावर बोर्डाची खरी परीक्षा नाशिकचा पावसाळा घेतो. पोलादी कडा जून ते सप्टेंबर ओलसर हवेत गंजतात, म्हणून फेब्रुवारीतच बाइंडिंग काढून, तळ पुसून, पूर्ण सुकवून त्यावर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच ठेवावा. कडांवरही मेण यावे. घरची इस्त्री वापरायची असेल तर ती सर्वांत कमी उष्णतेवर ठेवावी, सतत फिरवत राहावी आणि मेणातून धूर निघू लागला तर लगेच उचलावी, कारण तळ भाजला तर तो पुन्हा मेण शोषत नाही. नंतर बोर्ड सुती चादरीत गुंडाळून पलंगाखाली आडवा ठेवावा. भिंतीला टेकवून उभा ठेवल्यास खाचेची दोन्ही टोके सगळा भार घेतात. पुढच्या जानेवारीत निघण्याच्या आठवड्यात हे मेण खरवडून, अधिक थंड आणि कोरड्या बर्फाचे कडक मेण लावावे.