मोझार्टच्या 40व्या सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटचे विश्लेषण : या चुका टाळा

रागसंगीत ऐकत वाढलेल्या श्रोत्याचा कान आधी चालीकडे वळतो, आणि त्यात गैर काही नाही. तानपुऱ्याने एकदा धरलेला षड्ज राग संपेपर्यंत जागचा हलत नाही, त्यामुळे लक्ष सगळे त्याच्याभोवती फिरणाऱ्या सुरावटीवर ठेवता येते. सोनाटा रचनाबंधात (मुख्य चाली, म्हणजे ‘विषय’, मांडणारे एक्स्पोझिशन, त्यांचा विस्तार करणारे डेव्हलपमेंट आणि त्या परत आणणारे रिकॅपिट्युलेशन) मात्र खुद्द षड्जच जागा बदलतो आणि मूव्हमेंटचा, म्हणजे सिम्फनीच्या एका खंडाचा, सारा डोलारा त्या स्थलांतरावर उभा असतो. मोझार्टच्या जी मायनर सिम्फनीच्या (के. 550, हा मोझार्टच्या रचनासूचीतील क्रमांक) पहिल्या मूव्हमेंटचे विश्लेषण करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच फरकाकडे दुर्लक्ष करण्यात असते.

नवी चाल आली म्हणजे दुसरा विषय आला, असे समजणे

मूव्हमेंट पांढरी 5 च्या मायनरमध्ये, म्हणजे कोमल गांधाराच्या पट्टीत (मेजरमध्ये गांधार शुद्ध असतो), सुरू होते. व्हायोलिनवर ‘ई फ्लॅट–डी–डी’ हा तीन स्वरांचा तुकडा, म्हणजे आपल्या हिशेबाने कोमल धैवतावरून पंचमावर येणे, तीनदा घडते आणि मग सुरावट एकदम वरच्या बी फ्लॅटवर, म्हणजे कोमल गांधारावर, झेप घेते. पुढे 28व्या बारात (बार म्हणजे स्वरलेखनातील तालाचे एक छोटे आवर्तन) संपूर्ण वाद्यवृंद जोरकसपणे एक नवी, ठसठशीत चाल घेऊन येतो आणि पट्टीही बी फ्लॅट मेजर, म्हणजे काळी 5, झालेली असते. येथेच अनेक जण ‘दुसरा विषय’ असे लिहून मोकळे होतात. पण ही चाल स्थिरावत नाही. ती रेटत रेटत 42व्या बारात एफ मेजर कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर), म्हणजे नव्या षड्जाच्या पंचमावर, नेऊन सोडते. त्यानंतरचा 43वा बार पूर्ण शांत आहे. त्या शांततेनंतर 44व्या बारात तंतुवाद्ये आणि सुषिरवाद्ये आळीपाळीने जी हळुवार, अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरणारी सुरावट वाजवतात, तो खरा दुसरा विषय होय. आधीचा दणदणीत भाग हा केवळ पूल आहे. शंका आली तर चालीचे आकर्षण बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावेत: नवा षड्ज कोठे ठरला, आणि त्याच्या आधी विराम कोठे आला?

याच्या उलट चूकही होते. 72व्या बाराच्या सुमारास क्लॅरिनेट आणि बॅसून ही सुषिरवाद्ये सुरुवातीचाच तीन स्वरी तुकडा एकमेकांकडे सोपवू लागतात, तेव्हा मूळ विषय परतला असे वाटते. तो तुकडा ओळखीचा असला तरी पट्टी अजून बी फ्लॅटच आहे. हा एक्स्पोझिशनचा समारोप आहे, रिकॅपिट्युलेशन नव्हे.

डेव्हलपमेंटमध्ये पहिला विषय थेट एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी 3 वर, उभा राहतो. मूळ षड्जापासून अवघ्या अर्ध्या स्वराचे हे अंतर कीबोर्डवर अगदी जवळचे दिसते, परंतु स्वरसंबंधांच्या दृष्टीने ते फार दूरचे आहे, आणि विश्लेषणात हेच सांगायला हवे. ‘येथे संगीत अस्वस्थ होते’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. पुढे तोच विषय कधी खालच्या तंतुवाद्यांकडे तर कधी व्हायोलिनकडे जातो आणि शेवटी झिजत झिजत तीन स्वरांपुरता उरतो. दुसऱ्या विषयाला या भागात मुळी प्रवेशच नाही. या सगळ्या प्रवासावर एखाद्या थाटाचे किंवा रागाचे नाव चिकटवण्याचा मोहही आवरावा.

रिकॅपिट्युलेशन म्हणजे पुन्हा तेच, असे गृहीत धरणे

164व्या बाराच्या शेवटी मुख्य विषय परततो, तोही सुषिरवाद्यांची उतरती ओळ पूर्ण होण्याआधीच, जणू दार न वाजवता. थोड्याच वेळात बॅसून त्याच्या जोडीला एक नवी उतरती ओळ देतो, जी सुरुवातीला नव्हती. पूल आता बराच लांबला आहे आणि वाटेत ई फ्लॅट मेजरलाही स्पर्श करतो. सर्वांत महत्त्वाचा बदल त्यानंतर येतो: 227व्या बारापासून दुसरा विषय जी मायनरमध्ये वाजतो. एक्स्पोझिशनमध्ये मेजरच्या उजेडात आलेली तीच चाल येथे काळवंडते, आणि माझ्या मते संपूर्ण मूव्हमेंटचे वजन या एका निर्णयावर आहे. मायनर मूव्हमेंटमध्ये असे घडतेच असेही नाही. बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये दुसरा विषय परत येताना सी मेजरमध्ये येतो. म्हणून दोन्ही भागांतील समान जागा स्कोअरवर (सर्व वाद्यांच्या स्वरलेखनावर) शेजारी ठेवून, काय बदलले तेवढेच आधी टिपावे.

मोझार्टचे कर्ज संगीतात शोधणे

1788च्या उन्हाळ्यात मोझार्ट पैशांच्या अडचणीत होता आणि मित्र मिखाएल पुख्बर्गकडे उसने मागत होता, हे खरे आहे. त्यावरून ही सिम्फनी म्हणजे त्याच्या दुःखाची रोजनिशी ठरवली जाते. पण त्याने स्वतः ठेवलेल्या रचनांच्या यादीत 39व्या सिम्फनीची तारीख 26 जून, हिची 25 जुलै आणि 41व्या ‘ज्युपिटर’ची 10 ऑगस्ट आहे, मागची ई फ्लॅट मेजरमध्ये आणि पुढची सी मेजरमध्ये आहे. त्याच अडचणीतून तेजस्वी सी मेजर निघत असेल, तर विषण्णतेचे कारण पत्रांत नव्हे, बारांत शोधावे लागेल.

स्कोअर आणि ध्वनिमुद्रण जुळत नसेल तर

स्कोअरमधील स्वर कॉर्डशी विसंगत दिसू लागले, तर आधी वाद्य तपासावे. व्हायोला ऑल्टो क्लेफमध्ये (ओळींवरील स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या वेगळ्या चिन्हाने) लिहिलेला असतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा स्वर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो. येथे एक हॉर्न बी फ्लॅटमध्ये आणि दुसरा जीमध्ये आहे, कारण तेव्हाच्या विनाव्हॉल्व्ह हॉर्नला मोजकेच स्वर मिळत आणि दोन पट्ट्यांच्या जोडीतून मोझार्टला अधिक स्वर हाती लागत. जी हॉर्न लिहिल्यापेक्षा अडीच स्वर खाली, म्हणजे सी लिहिला तर खालचा जी, असा वाजतो.

क्लॅरिनेट ऐकू येतात पण स्कोअरमध्ये सापडत नाहीत, असे झाले तर हातातील प्रत पहिल्या आवृत्तीची आहे. क्लॅरिनेट मोझार्टने नंतर घातले आणि त्यासाठी ओबोच्या ओळीही बदलल्या. विश्लेषणाच्या आरंभीच आवृत्ती नोंदवावी. काही वादक एक्स्पोझिशनची पुनरावृत्ती गाळतात, त्यामुळे ‘चौथ्या मिनिटाला’ अशी नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. बार क्रमांकच द्यावा. बार मोजताना मात्र पहिलाच बार सुटतो, कारण त्यात बहुतांश केवळ व्हायोलांची धावती साथ आहे आणि चाल त्या बाराच्या शेवटच्या अंशात, समेच्या आधी, उचलली जाते. तो एक बार चुकला की पुढचे सगळे आकडे सरकतात. जुन्या धाटणीच्या वाद्यांवरील ध्वनिमुद्रण हार्मोनियमशी जुळत नसेल, तर कानाला दोष देऊ नये. तेथे ‘ए’ 440ऐवजी अनेकदा 430 हर्ट्‌झच्या आसपास लावलेला असतो.