ज्वारीत तूर घेताय? या चुका टाळा

ज्वारीच्या वावरात तूर, मूग किंवा उडीद असेल तर ॲट्राझिन हे तणनाशक आणूच नका. ज्वारीला ते सोसतं, डाळवर्गाला नाही. हे दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी कोणाची तरी तूर जाते.

आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या काकांचं असंच झालं. निंदणाला मजूर मिळेना म्हणून ते दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "पीक कोणतं?" काका म्हणाले, "ज्वारी." तुरीचं नावच निघालं नाही. पेरणी झाल्याबरोबर फवारलं. तूर उगवली, चार पानांवर आली आणि खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागल्या. काकांना वाटलं मर आली, म्हणजे बुरशीनं झाड वाळवणारा रोग. बुरशीनाशकाची आळवणी केली, तो खर्च वेगळा. मी पाहिलं तेव्हा ज्वारीचे तास (ओळी) हिरवेगार आणि तुरीचे तास या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे वाळलेले. मर अशी सरसकट येत नाही, ठिकठिकाणी लागते. रोपटं उपटून खोड उभं चिरलं. मर असती तर आत काळपट रेघा दिसल्या असत्या. खोड आतून स्वच्छ होतं.

मी आंतरपिकात तणनाशक वापरतच नाही. पंधरा-वीस दिवसांनी पहिला डवरा (बैलांचं कोळपं), तासातलं तण हातानं. एका फवारणीत मोकळं व्हायचं असेल त्यानं सलग ज्वारी घ्यावी, तुरीच्या वाट्याला जाऊ नये.

दोन्ही बियाणं मिसळून एकाच तासात पेरणं ही दुसरी मोठी चूक. तूर पहिला दीड महिना हळू वाढते, तोवर ज्वारी तिच्या डोक्यावर जाते. तिफनीला, म्हणजे पेरणीच्या अवजाराला, बी सोडणारे तीन सरते असतातच, मग एक फेरा ज्वारीचा, एक फेरा तुरीचा घ्या. असं वेगळं पेरलं की युरियाही फक्त ज्वारीच्या तासाला देता येतो. तुरीच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी आहेत, तिला वरून युरिया ओतला तर त्या गाठी काम कमी करतात आणि झाड नुसतं माजतं.

सोयाबीनच्या जिवाणू खताचं उरलेलं पाकीट तुरीला लावू नका, तिचं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) वेगळं. तुरीचंच जिवाणू खत 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम लावा, तेही बुरशीनाशकानंतर, आणि बी सावलीत सुकवा.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफन काढू नका. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून धावणाऱ्यांनाच दुबार पेरणी करावी लागते.

लवकर येणारी तूर इथं नको. ज्वारी 100 ते 115 दिवसांत निघते. पीकेव्ही तारासारखा मध्यम मुदतीचा वाण त्यानंतर मोकळ्या उजेडात फुलतो. कडबा तुरीवर टाकून ठेवू नका, लगेच बाहेर काढा आणि ज्वारीच्या रिकाम्या पट्ट्यात डवरा फिरवा. भेगा बुजतात, ओल टिकते आणि शेंगा भरायला तीच ओल लागते.